बरी न झालेल्या मुलीची साक्ष

हे सगळं पूर्ण बरी झाल्यावर लिही, असं मला तिघाचौघांनी सांगितलं. तसं करायचं म्हटलं तर हे कधीच लिहून होणार नाही. माझा आजार जाणारा नाही. तो दबून राहतो, मधूनच डोकं वर काढतो आणि गोळ्या वेळेवर घेतल्या तर मला माझं काम करू देतो. सध्या तो दबलेला आहे, बोटं वळतायत, म्हणून लिहून घेते.

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवून विचारावं हेही कळत नाही. पण माझ्यासारखंच कुणीतरी अंथरुणावर पडून असेल आणि मंडळीतली, म्हणजे चर्चमधली चांगली, प्रार्थना करणारी माणसं त्याला धीर देऊन देऊन दमवत असतील, तर हे त्याच्यासाठी आहे. थोडं त्या धीर देणाऱ्यांसाठीही आहे. माझा त्यांच्यावर राग आहे. तो बाजूला ठेवून लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही.

कोर्स

आम्ही सिन्नरला राहतो. पप्पा तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनवर आहेत. मम्मी घरी शिवणकाम करते. मी बी.कॉम.साठी रोज एसटीने नाशिकला जाते. दुसऱ्या वर्षाला असताना सकाळी उठल्यावर माझी बोटं वळेनाशी झाली. बसमधली दांडी धरता येईना. मग ताप यायला लागला, मग नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टे उठले. वर्गातल्या मुली म्हणाल्या, "काय गं, आजकाल मेकअप करून येतेस." मम्मीने कोरफड लावली. एका डॉक्टरने कमजोरी सांगितली, दुसऱ्याने ॲलर्जी. तिसऱ्याने चिठ्ठी देऊन नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात मोठ्या मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी रिपोर्ट पाहिले आणि आजाराचं नाव सांगितलं: ल्युपस. शरीराची राखण करणारी जी ताकद असते, ती आपलं-परकं ओळखेनाशी होते आणि आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, किडनीवर उठते. माझ्या किडनीपर्यंत ते पोचलं होतं.

पप्पा मांडीवर पिशवी धरून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मंग मॅडम, कोर्स किती महिन्यांचा हाय?"

"कोर्स नाही, काका. हा आजार जात नाही. सांभाळायचा असतो. औषधं चालू ठेवली तर ती शिकेल, नोकरी करेल, सगळं करेल."

"हां हां. पण म्हणजे, सहा महिन्यांचा का वर्षाचा?"

मॅडम चिडल्या नाहीत. तेच पुन्हा, आणखी सोपं करून सांगितलं. पप्पांनी मान हलवली. त्या मान हलवण्यावरून मला कळलं की त्यांना काही समजलेलं नाही. आमच्या घरात आजाराच्या दोनच तऱ्हा माहीत आहेत. एक तर कोर्स संपतो, नाहीतर माणूस.

द्वारकेच्या चौकात रस्ता ओलांडताना त्यांनी माझं मनगट धरलं. शाळेत असताना धरायचे तसं, घट्ट. मनगट दुखत होतं, पण मी सोडवलं नाही.

पलीकडची खाट

मला दुसऱ्या दिवशी ॲडमिट करून घेतलं. वॉर्डात सकाळ फार लवकर होते. सिस्टर येऊन ताप बघते, वजन घेते, सलाईन जोडते. पोह्यांना कशाचीच चव नसते. मॅडम येतात, पाय दाबून सूज बघतात, "लघवी किती झाली?" असं सगळ्यांसमोर विचारतात, आणि पहिल्या दोन दिवसांनंतर लाजही वाटेनाशी होते.

माझ्या शेजारच्या खाटेवर ताराबाई होत्या. त्यांची नाशिकच्या बाहेर झेंडूची शेती. वय मम्मीपेक्षा मोठं, आवाज खणखणीत. त्यांच्याही किडनीचंच काहीतरी होतं. माझी बोटं सकाळी आखडलेली असायची, म्हणून त्या माझे केस विंचरून द्यायच्या. केस फार गळत होते. कंगव्यात गुंता आला की त्या तो मुठीत घ्यायच्या आणि पदराआड करायच्या. मला दिसू द्यायच्या नाहीत. "गळत नाहीत" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. खोटं बोलल्या नाहीत. फक्त माझ्या समोर ठेवून दाखवले नाहीत. हा फरक मला तेव्हा नुसता बरा वाटला. तो किती मोठा आहे हे नंतर कळलं.

रविवारी आमच्या मंडळीतले लोक भेटायला आले. आमच्याकडे आजाऱ्याला एकट्यादुकट्याने भेटायची पद्धत नाही, सगळे मिळून जातात. भेट कशी होते तेही ठरलेलं असतं: एक गीत, बायबलमधलं एक वचन, कुणाचे तरी दोन शब्द, मग प्रार्थना. घर असेल तर शेवटी चहा. इथे वॉर्ड होता म्हणून चहा टळला. खाटेभोवती बारा-पंधरा माणसं उभी राहिली आणि टाळ्यांवर गीत सुरू झालं. सिस्टर धावत आली. "अहो, हळू! पलीकडे पेशंट आहे."

मग दोन शब्द झाले. एक काकू म्हणाल्या, "देव आवडत्या लेकरांचीच परीक्षा घेतो." दुसऱ्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मनात काही पाप राहिलं असेल तर कबूल करून टाक, लगेच मोकळी होशील." एक काका पप्पांना म्हणाले, "एवढ्या लांब कॉलेजला धाडायची काय गरज होती? उन्हातान्हात, एसटीत. पोरीची जात."

मला ताप होता. तरी मला प्रत्येक वाक्य आठवतं. जवळ पाण्याची बाटली होती आणि झाकण माझ्याने उघडत नव्हतं, तेही आठवतं. ते सगळे गेल्यावर मम्मीने उघडून दिली.

ताराबाई सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "तुझे लोक लय गातात गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी, ताराबाई."

"सॉरी काय त्यात? आमच्यातले आले का रडत्यात. त्यापरीस तुझं बरं. फक्त पुढच्या टायमाला सांग, डोक्याशी उभं राहू नका म्हणावं. वारं अडतंय."

मी हसले. ॲडमिट झाल्यापासून पहिल्यांदा.

गोळी मेडिकलमध्ये मिळते

आता इथे जे झालं, ते बाहेरच्या माणसाला कदाचित गंमत वाटेल.

त्याच आठवड्यात मंडळीने माझ्यासाठी उपास-प्रार्थना ठेवली. त्याच आठवड्यात मॅडमनी सलाईनमधून स्टेरॉईड सुरू केलं. स्टेरॉईड फार पटकन काम करतं. ताप उतरला, बोटं वळू लागली, मी उठून चालत संडासला गेले. मला दोन्हींबद्दल आभार मानायचे होते. लोक माझ्यासाठी उपाशी राहिले, ही लहान गोष्ट नाही. मी अजूनही तसंच मानते.

पण घरी आले तर सगळीकडे झालेलं होतं: रूथ, म्हणजे मी, बरी झाली. मम्मीला रस्त्यात थांबवून लोक म्हणत, "प्रभूची स्तुती असो!" मम्मी म्हणे, "स्तुती असो!" आणि आनंदाच्या भरात तिने सभेत शब्दही देऊन टाकला की हंगामाच्या सणाला रूथ साक्ष देईल, देवाने कसं बरं केलं ते सगळ्यांसमोर सांगेल.

हंगामाचा सण म्हणजे आमच्याकडे मोठी उपासना. ज्याच्या रानात जे पिकलं ते आणायचं: कांदे, बाजरी, टोमॅटो, भोपळे, एखादी कोंबडी. मग त्याचा लिलाव. त्या दिवशी गावोगावचे पाहुणे येतात आणि त्या वर्षीची सगळ्यात मोठी साक्ष तेव्हाच ठेवतात. साक्षेलाही एक ठरलेली वाट असते. आधी आजार, मग "डॉक्टरांनी हात टेकले", मग प्रार्थना, मग रिपोर्ट क्लिअर, मग हालेलुया. मी लहानपणापासून हे ऐकत आले. जो बरा झाला नाही त्याला साक्षेला उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याला सांगतात, बरा झालास की दे.

मंडळीचे धर्मगुरू, आमचे पाळक साहेब, घरी आले तेव्हा मी धीर करून बोलले. ते वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. मी बारावी झाले तेव्हा पप्पांना कॉलेजसाठी त्यांनीच तयार केलं होतं.

"पाळक साहेब, मी बरी नाही झाले. गोळ्या खाते म्हणून उभी आहे. गोळ्या थांबल्या तर मी परत आडवी होईन."

"बेटा, गोळ्या पण देवानेच दिल्या ना?"

"हो. मग तसंच सांगते ना."

ते थोडे घुटमळले. "तसं सांगायला हरकत नाही, पण... बघ, गोळी काय, मेडिकलमध्ये मिळते. लोक मंडळीत गोळीचं ऐकायला येत नाहीत. धीर मिळावा म्हणून येतात. आपण एकमेकांना धीर द्यायचा, हीच तर आपल्याला आज्ञा आहे. तू उभी राहिलीस तरी पुरे. गोळ्यांचं मध्येच काढलंस तर साधी माणसं गोंधळतात."

मोठ्यांना उलटून बोलायची सवय नाही मला. पण ते गेल्यावर मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. साधी माणसं! आम्हीच ती साधी माणसं. माझे पप्पा ती साधी माणसं, जे अजून कोर्स संपायची वाट बघत होते. त्यांना खरं सांगितलं तर ते गोंधळतील म्हणून खोट्यावर उभं करायचं? आणि त्याला धीर म्हणायचं?

शोभा मावशी

तरीही मी कदाचित गप्प बसले असते. थोडक्यात बोलले असते, गोळ्यांचं गाळलं असतं, मम्मीचा शब्द राहिला असता. पण शोभा मावशी आल्या.

शोभा मावशी आमच्या दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. अंगणवाडीत मदतनीस आहेत. संडे स्कूलला मला सगळी गाणी त्यांनीच शिकवली, हातवाऱ्यांसकट. त्यांना जुना डायबेटिस आहे. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरेना म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांवरून इन्सुलिनवर आणलं होतं.

मला बघून त्यांनी माझे दोन्ही गाल धरले. "अगं, किती गुबगुबीत झालीस!"

"ती सूज आहे, मावशी. स्टेरॉईडची."

"सूज काय! तेज आहे ते." मग जवळ सरकल्या. "ऐक, तुला एक सांगते, मम्मीला बोलू नको. माझ्या पोटाची चाळण झालीय सुया टोचून. मी देवाला सांगून ठेवलंय. हंगामाच्या सणाला रूथची साक्ष झाली की मी हात वर करणार. त्या दिवसापासून सुई बंद. तुला बरं केलं तर मला नाही का करणार?"

"मावशी, असं करू नका. डॉक्टरांनी..."

"तू फक्त साक्ष दे. तुझ्याकडे बघूनच मला धीर आलाय गं."

त्यांच्या अंगठ्याला बांधलेली पट्टी ओलसर दिसत होती.

मी मम्मीला सांगितलं. मम्मी म्हणाली, "मी समजावते शोभाला." तिने खरंच समजावलं. मावशींनी तिला सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतोय. मग मी म्हटलं, "मी साक्ष देत नाही." तेव्हा मम्मीने शिवणाचं मशीन थांबवलं.

"सगळ्यांसमोर शब्द दिलाय मी. लोक तुझ्यासाठी उपाशी राहिले, रूथ. त्यांना काय सांगू? उपास फुकट गेला?"

"फुकट नाही गेला. पण मी बरी नाहीये, मम्मी."

"एवढं एक वाक्य नाही म्हटलंस तर काय होणार आहे?"

त्यानंतर आम्ही दोघी बरेच दिवस कामापुरतंच बोललो. आजारापेक्षा ते दिवस मला जड गेले.

हंगामाचा सण

चर्च खच्चून भरलं होतं. पुढे कांद्यांची रास, भोपळे, आणि पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी. मी लांब बाह्यांचा ड्रेस घातला होता, मला ऊन चालत नाही म्हणून. पाळक साहेबांनी नाव घेतलं. शोभा मावशी तिसऱ्या रांगेत कडेला होत्या. पायात स्लिपर, अंगठ्याला पट्टी. त्यांनी मला हसून मान हलवली.

उभी राहणार, पण खरं तेच बोलणार, असं मी शेवटी ठरवलं होतं. जे बोलले ते साधारण असं.

"जय ख्रिस्त. तुम्ही माझ्यासाठी उपास केला, त्याबद्दल मी सगळ्यांची आभारी आहे. मी बरी झालेली नाही. माझा आजार जाणारा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी हात टेकलेले नाहीत, त्या मला दर महिन्याला बोलावतात. मी रोज गोळ्या घेते आणि पुढेही घेणार. त्या घेते म्हणून इथे उभी आहे. देवाने मला सोडलेलं नाही, आणि आजारानेही सोडलेलं नाही. दोन्ही खरं आहे. कुणाला औषध चालू असेल तर माझ्याकडे बघून ते बंद करू नका. कृपा करून नका करू."

कोंबडीने तेवढ्यात पंख फडफडवले आणि दोन मुलं हसली. मला आणखी बोलायचं होतं, पण पेटी सुरू झाली. गीत लागलं की बसायचं असतं. मी बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकल्यावर असंच होतं, विश्वास पातळ होतो."

प्रार्थनेसाठी हात वर करायला सांगितलं तेव्हा शोभा मावशींचा हात वर गेला नाही. लिलावाला न थांबता त्या निघाल्या. मी फाटकापर्यंत मागे धावले.

"मावशी..."

"काय उरलंय बोलायचं? एवढी आशा धरली होती मी. तिच्यावर पाणी ओतलंस." त्यांचे डोळे भरले होते. "मी तुला गाणी शिकवली ना गं?"

घरी जाताना मम्मी पुढे चालत होती. पप्पा माझ्याबरोबर, हातात लिलावात घेतलेला भोपळा. चालता चालता म्हणाले, "म्हंजी जल्मभर?"

"हो, पप्पा."

"कोर्स नायच."

"नाही."

आणखी थोडं चालले. "मंग कॉलेज सोडून कसं चालंल? गोळ्यांसाठी तरी नोकरी लागंल." भोपळा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मम्मी पुढे होती, पण तिने ऐकलं असावं. ती चालायची हळू झाली.

सोमवार

पहाटेपासून माझ्या डोक्यात एकच होतं: मी धीर द्यायच्या ऐवजी काढून घेतला तर नाही ना? खरं बोलून आपण घरी आलो, आणि शोभा मावशी तिकडे एकट्या, कदाचित सुई न घेता. मग माझ्यात आणि खाटेभोवती उभं राहून दोन शब्द बोलून गेलेल्यांत काय फरक? हा विचार मला फार लागला. कॉलेजची सॅक घेतली आणि बसस्टँडच्या ऐवजी त्यांच्या दाराशी गेले.

"वचन वाचायला आली असशील तर जा," मावशी आतून म्हणाल्या.

"नाही वाचत."

"प्रार्थना पण नको."

"नाही करत. बसू का?"

मी चपला काढून आत बसले. ओट्यावर पातेल्यात भिजवलेले मूग होते. सुईची डबी बंद होती. मी सॅकमधून माझ्या सकाळच्या गोळ्या काढल्या, त्यांच्याच माठातलं पाणी घेतलं आणि एकेक गिळल्या. त्यातली एक फार कडू आहे, दर वेळी तोंड वाकडं होतं.

"एवढ्या?" मावशी म्हणाल्या.

"हो."

"तुझी बस जाईल."

"दुसरी येते."

"किती वेळ बसणार आहेस?"

"तुम्ही सुई घेईपर्यंत."

"हट्टी! बापावर गेलीस." त्या उठल्या, मूग उगाच ढवळले, परत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मला भीती वाटते गं. सुई सुरू झाली की संपलं, असं म्हणतात सगळे. पाय जातो, मग डोळे जातात. म्हणून मी देवाला तसं सांगितलं होतं. विश्वास-बिश्वास नाही. भीती."

मी म्हटलं, "मला पण वाटते. किडनीची."

"तू तर काल ताठ उभी होतीस."

"पाय कापत होते. तुम्हाला दिसलं नाही."

मावशी उठल्या. मग फ्रीज उघडला, कोथिंबिरीच्या जुडीमागून बाटली काढली, डबी घेतली.

"तिकडे तोंड कर. कुणी बघत असलं की मला टोचवत नाही."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे डबीचं झाकण वाजलं, मग काहीच आवाज नाही, मग एक बारीक श्वास.

"झालं. वळ आता."

त्यांनी दोन ताटल्यांत मूग वाढले. माझ्यासमोर एक सरकवली. खाता खाता म्हणाल्या, "तुला रोज यायला जमणार नाही."

"नाही जमणार. कॉलेज आहे."

"मग परवा मी येते तुझ्याकडे. तू गोळ्या घेतेस का ते बघायला. काल सांगितलंस तरी अख्खं गाव तुला बरी झाली म्हणतंय, एखाद्या दिवशी तुलाच खरं वाटायचं. मला नाही तुझा भरवसा."